हळू हात, हिरवा दिवा

“पत्ता उलटला की दाबायचं. जमेल तितक्या लवकर. उलटायच्या आधी दाबलंस तर भोंगा वाजेल, आणि फार वाजला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.”

ग्लेनिस ट्रेलोर यांनी हे क्लबात चाचणी घेणाऱ्या डॉट लोमॅक्सच्या घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवलं. मग म्हणाल्या, “माझी दोन्ही मुलं घरी तिची अशी नक्कल करायची. आता कुणी करत नाही. कानात मात्र आहे.”

आयडा क्विल्टीनं मान हलवली. ऑस्ट्रेलियातल्या हॉर्शममध्ये तिचा खाजगी तपासाचा धंदा होता. शेजारी बसलेला मर्व डेलाहंटी हा निवृत्त हवालदार तिची गाडी चालवायचा आणि तिच्या आधी निष्कर्ष काढून मोकळा व्हायचा. आत्ता तो स्कोनवर जर्दाळूचा मुरंबा थापत होता.

“संपवा, शेवटची बाटली आहे,” ग्लेनिस म्हणाल्या. “जानेवारीत, भर उन्हाळ्यात, वणव्याच्या धोक्यामुळे एका रविवारी चर्च बंद होतं, तेव्हा केला. एरवी रविवारी मी घरी कुठली असायला? ऑर्गन मीच वाजवते.”

खिडकीबाहेर परसात दोन लाकडी खांब रोवलेले होते. आयडाची नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, “जार्विसचा गोल. त्याचे वडील लवकर गेले. किक मारायला मीच शिकवली.”

जार्विस म्हणजे त्यांचा मुलगा, या बुंगरिल गावच्या फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, संघाचा गोल मारणारा. जूनमध्ये सामन्यात त्याच्या डोक्याला गुडघा लागला. त्या आठवड्यात क्लबनं त्याची पत्त्यांची चाचणी घेतली. ती चाचणी या भागातल्या पोरांना अंगवळणी पडलेली आहे. संगणकावर उपडा पत्ता दिसतो, तो उलटला की कळ दाबायची. जानेवारीत, माणूस धडधाकट असताना एकदा घेतात आणि यंत्र तो वेग लक्षात ठेवतं. डोक्याला मार बसला की पुन्हा घेतात. वेग पहिल्यासारखाच आला तर हिरवा दिवा, घसरला तर लाल.

जार्विसला हिरवा मिळाला. शनिवारी तो खेळला. साधा खांद्याचा धक्का लागून पडला तो उठलाच नाही. आता तो हॉर्शमच्या शुश्रूषागृहात होता. चमचा ओठांना लावला की गिळायचा. हाक मारली तर वळायचा नाही.

“गाव म्हणतं, त्यानं जानेवारीत मुद्दाम हळू दाबलं,” ग्लेनिस म्हणाल्या. “म्हणजे पुढे मार बसला तरी फरक दिसू नये. खेळणाऱ्यांची जुनी लबाडी आहे ती. क्लबनं भिंतीवरचा त्याचा फोटो काढला. लबाड पोराचा फोटो लहान मुलांसमोर नको म्हणे.”

“तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?”

“तो बरा व्हावा हे मी देवाकडे मागते. तुमच्याकडे एवढंच मागते की, तो लबाड नव्हता हे शोधून द्या. मी त्याला कबूल केलंय. गुरुवारी सरावानंतर सगळा क्लब जेवायला जमतो. तिथे उभी राहून मी खरं काय ते सांगेन.”

“आणि खरं वेगळंच निघालं तर?”

ग्लेनिस यांनी डोळे मिटून एक श्वास घेतला, सोडला, आणि मगच उत्तर दिलं. “तर तेही सांगेन.”

बाहेर आल्यावर मर्व म्हणाला, “कोचचं काम आहे हे. पैज लाव.”

“तू मागच्या वेळीही कोचच म्हणाला होतास.”

“मागच्या वेळी कोच नव्हताच.”

“तेच म्हणतेय मी.”

डॉट लोमॅक्स क्लबच्या खोलीत पट्ट्या गुंडाळत बसली होती. घोटे बांधणं, रक्त पुसणं, चाचण्या घेणं, सगळं तीच करायची, तेही फुकट.

“आलात? बसा. सगळं गाव मला विचारून गेलंय, तुम्हीच राहिला होतात.” तिनं संगणक उघडला. “ही जानेवारीची. ही जूनची.”

पडद्यावर प्रत्येक दाबण्याचा एक ठिपका होता. जानेवारीचे ठिपके उशिराचे, पण सगळे एका ओळीत, कुंपणाच्या खांबांसारखे. जूनचे मात्र विखुरलेले. एखादा लवकर, एखादा फार उशिरा, जसे दाणे सांडलेत.

“हे दोन्ही सारखे कसे?” मर्वनं विचारलं.

“सरासरी सारखी. यंत्र आमच्याकडे सरासरीच बघतं. ठिपके बघायचे असतात हे मला कुणी सांगितलं होतं? हिरवा दिसला, मी हिरवा सांगितला.”

“जूनमध्ये कळ दाबताना तुम्ही समोर होतात?”

“हाताच्या अंतरावर. तोच होता, दुसरं कुणी नाही.”

“आणि जानेवारीत?”

डॉटनं पट्टी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

“जानेवारीत इथे जत्रा असते, बाई. कोण जलद यावर पोरं बिअरच्या पैजा लावतात, कानाशी ओरडतात. जार्विसचा हात इतका उतावळा की भोंग्यावर भोंगा. यंत्रानं चाचणी दोनदा नाकारली. शेवटी म्हटलं, संगणक घरी ने, उद्या रविवार आहे, शांतपणे दे. नियमात बसत नाही ते, ठाऊक आहे मला. सोमवारी परत आणला तेव्हा कळा मुरंब्यानं चिकट. तेवढ्यावरून शिव्या घातल्या मी त्याला.” तिनं पट्टी बाजूला ठेवली. “नको होत्या घालायला.”

कोच वॉरिक हॅगर्टी मैदानाच्या कडेला ट्रकमधून चेंडूंच्या जाळ्या उतरवत होता. त्यानं हात पुसले नाहीत आणि हस्तांदोलनासाठी पुढेही केले नाहीत.

“हिरवा म्हणजे खेळणार. मी काय डॉक्टर आहे?”

“तुम्ही त्याला जानेवारीत हळू दाबायला सांगितलंत का?” आयडानं विचारलं.

“सांगायचं असतं तर सगळ्यांना सांगितलं असतं. बाकीच्यांचे आकडे बघा की, ससे आहेत नुसते. मला तर आश्चर्य वाटलं. या पोराचे हात चेंडूच्या आधी पोचायचे. आणि पत्त्यांवर म्हणे संघात सगळ्यात मठ्ठ.”

“तो कधीच हळू नसायचा?”

“एकदाच. गोलसमोर स्थिर किक मिळाली की, म्हणजे कुणी अडवायला नसताना. उभा राहायचा, श्वास घ्यायचा, सोडायचा, मग धावायचा. दर वेळी तस्संच. प्रेक्षक ओरडायचे, ‘ट्रेलोर, नाताळ आला रे!’ पंच डोळे वटारायचे. पण चेंडू खांबांमधूनच जायचा.” तो क्षणभर मैदानाकडे बघत राहिला. “पुढच्या सामन्यात बघा कोण मारतो ते. कुणी नाही.”

मर्व गाडीत म्हणाला, “जानेवारीत दुसरंच कुणीतरी बसलं. घरी कोण? बहीण.”

“विचारू या.”

जार्विसची बहीण टेगन नेटबॉलच्या कोर्टवर एकटीच चेंडू टाकत होती. त्यांना पाहून तिनं चेंडू काखेत धरला.

“मला ठाऊक होतं तुम्ही येणार. मीच दिली ती चाचणी. जार्विस टीव्ही बघत होता. म्हटलं, मी मुद्दाम हळू दाबते, पुढे तुझ्या कामी येईल. बस्स. लिहून घ्या.”

मर्वनं आयडाकडे विजयी नजरेनं पाहिलं.

“आई कुठे होती तेव्हा?” आयडानं सहज विचारलं.

“रविवारी आई कुठे असणार? चर्चमध्ये.”

“ये. डॉटच्या संगणकावर एकदा तसंच हळू दाबून दाखव.”

क्लबच्या खोलीत टेगन संगणकासमोर बसली. पहिला पत्ता उलटला, ती थांबली, दाबलं. दुसऱ्याला जास्तच थांबली. तिसऱ्याला हात आपोआप सुटला. पुढे भोंगा वाजला. तिनं दात आवळून पुन्हा केलं. ठिपके पडद्यावर सैरावैरा पसरले.

“अवघड असतं,” आयडा हळूच म्हणाली. “मुद्दाम उशीर करायचा तर दर वेळी सारखाच उशीर होत नाही.”

“तेव्हा जमलं होतं मला.”

“नाही, पोरी.”

टेगननं संगणकाचं झाकण लावलं. “माझं नाव सांगून मोकळ्या व्हा ना. मी हे गाव सोडून जाऊ शकते. मला काय, मेलबर्नमध्येही नेटबॉल असतं.”

गुरुवारी संध्याकाळी चौघं ग्लेनिस यांच्या स्वयंपाकघरात जमले. टेगन दाराशी उभी राहिली. तिला बसायचं नव्हतं.

“आधी जूनचं सांगते,” आयडा म्हणाली. “ती चाचणी जार्विसनंच दिली, डॉट समोर होती. ठिपके विखुरलेले आहेत. मार बसलेलं डोकं असंच चालतं, कधी जागं, कधी झोपलेलं. तो खरंच मंदावला होता. लाल दिवा लागायला हवा होता.”

“मग हिरवा का?” ग्लेनिस यांनी विचारलं.

“कारण जानेवारीचा वेगही तितकाच कमी होता. आता प्रश्न जानेवारीचा. गाव म्हणतं, जार्विसनं मुद्दाम हळू दाबलं. टेगन म्हणते, तिनं. पण मुद्दाम हळू दाबणाऱ्याचे ठिपके ओळीत राहत नाहीत. हे टेगननंच मला करून दाखवलं, तिची इच्छा नसताना. जानेवारीचे ठिपके कुंपणासारखे सरळ आहेत. एवढा एकसारखा उशीर कशानं होतो? आत एखादी लय असेल तरच. पत्ता उलटला, एक ठरलेली गोष्ट केली, मग दाबलं. प्रत्येक वेळी तीच गोष्ट.”

मर्व म्हणाला, “श्वास.” आणि तोंडातून शब्द निघाल्यावर त्याचा चेहरा उतरला.

“हो. मैदानावर वाऱ्यासारखा असणारा हा मुलगा एकाच ठिकाणी थांबायचा, गोलसमोर. तिथे कुणीतरी लहानपणापासून शिकवलेली लय होती. म्हणजे जानेवारीत कळेवर जार्विसचाच हात होता. पण एकट्यानं बसून त्यानं ती लय पत्त्यांना लावली नसती. शनिवारी क्लबात तो उतावळाच होता, भोंगे वाजत होते. शनिवार आणि रविवार यांच्यात कुणीतरी त्याला आठवण करून दिली.”

“आयडाबाई,” टेगन म्हणाली, “पुरे.”

ग्लेनिस मुलीकडे बघत होत्या. “बोलू दे त्यांना.”

“टेगन म्हणाली, आई चर्चमध्ये होती. पण त्या रविवारी चर्च बंद होतं, तुम्हीच मला सांगितलंत. तुम्ही इथे मुरंबा करत होतात, दिवसभर. संगणक परत गेला तेव्हा कळांना मुरंबा लागलेला होता.” आयडानं आवाज आणखी खाली आणला. “तो इथेच बसला होता ना?”

ग्लेनिस यांनी टेबलाच्या एका कोपऱ्यावर तळवा ठेवला.

“इथे. भोंगा वाजला की चिडायचा. म्हणाला, आई, मला हे जमतच नाही. मी पाकाची पळी हातात घेऊनच त्याच्या मागे उभी राहिले. म्हटलं, गोलसमोर काय करतोस? घाई नको. आधी श्वास, मग हात.” त्यांचा तळवा तिथेच होता. “नंतर एकदाही भोंगा वाजला नाही. मी त्याला शाबासकी दिली. मला वाटलं, चुकायचं नसतं, एवढीच ती परीक्षा.”

“तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं,” मर्व म्हणाला.

“जूनमध्ये त्यानं श्वास घेतला असता तर?”

आयडानं खोटं बोलायचं टाळलं. “तर वेग आणखी घसरला असता. लाल दिवा लागला असता. पण त्याला तो आठवला नाही.”

टेगन दारातून पुढे आली आणि आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. “मला जूनमध्येच कळलं होतं, आई. डॉटनं ठिपके दाखवले तेव्हाच; त्या रविवारी मी घरीच होते ना. म्हणून म्हटलं, माझं नाव सांगू देत.”

“खोटं नाव घेऊन त्याचा फोटो परत लागला असता?”

“तुला झोप तरी लागली असती.”

ग्लेनिस यांनी खांद्यावरचा तिचा हात थोपटला. “म्हणजे तो लबाड नव्हता,” त्या आयडाला म्हणाल्या. “आईचं ऐकणारा होता.”

“हो. त्याच्या बाजूनं एवढं नक्की सिद्ध होतं.”

मर्व घसा खाकरून म्हणाला, “ग्लेनिसबाई, एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका. मी या लोकांत आयुष्य काढलंय. तुम्ही तिथे हे सांगितलंत तर ते म्हणतील, आई आहे, मुलासाठी दोष अंगावर घेतेय. फोटो लावणार नाहीत. आणि ज्यांचा विश्वास बसेल ते उद्यापासून तुमच्या ऑर्गनलासुद्धा येणार नाहीत. जार्विसलाही काही कळणार नाही.”

“आयडाबाई, तुम्हालाही असंच वाटतं?”

“मर्वचं क्वचितच बरोबर येतं,” आयडा म्हणाली. “आज आलंय. तुम्ही म्हणाल तर माझ्याकडून हे बाहेर जाणार नाही.”

ग्लेनिस उठल्या. त्यांनी तीन कप धुऊन पालथे घातले, चौथा मर्वच्या हातात होता तो राहू दिला. खुंटीवरचा कोट घेतला.

“आई, मी येते,” टेगन म्हणाली.

“नको. तू पुन्हा आपलं नाव सांगशील.”

“निदान गाडीनं सोडतो,” मर्व म्हणाला.

“जवळच आहे.”

रस्त्यापलीकडे क्लबच्या खिडक्यांत दिवे लागले होते आणि भाजलेल्या मटणाचा वास इथवर येत होता. आत कुणीतरी मोठ्यानं हसलं. ग्लेनिस यांनी कोटाची बटणं एकेक करून लावली, फाटक उघडलं आणि आवाज न करता पुन्हा ओढून घेतलं. मग त्या मैदानाच्या कडेकडेनं क्लबकडे चालू लागल्या.