अर्धा मिलिमीटर

"डोक्याला लागलंय त्यांच्या, डोळ्याला नाही. तुमचा पेशंट चुकलाय."

बाबांच्या मिटल्या पापणीवर जेल लावणाऱ्या त्या तरुण डॉक्टरचं मनगट तिने धरलंच. बाबा जिन्यावरून पडून दोन दिवस झाले होते. अतिदक्षता विभागात ती कुणावरही विश्वास ठेवायला तयार नव्हती.

तो रागावला नाही. "चुकला नाहीये. डोक्यातला दाब वाढला की डोळ्यामागच्या नसेचं आवरण फुगतं. ते सोनोग्राफीने बाहेरूनच मोजायचं, कवटीला भोक पाडायला नको." मग जरा हळू, "फक्त... हात सोडलात तर."

तिने हात सोडला. कान मात्र तापले ते तापलेच.

दिवसातून तीन-चारदा तो येई. पापणीवर हलकेच यंत्र टेकवून म्हणे, "चार पॉइंट नऊ मिलिमीटर. छान."

"आणि अर्धा मिलिमीटर वाढला तर?" एकदा तिने विचारलं. ती शिवणकाम करायची. "आम्ही अर्धा इंचसुद्धा शिलाईत जिरवतो."

"कवटीला शिलाई नसते ना उसवायला." तो हसला. "जेवलात?"

"हेही मोजता?"

"नाही... हे दिसतं."

पाचव्या दिवशी दुपारी बाबा शांत झोपल्यासारखे होते. ती काहीतरी गमतीचं सांगत होती, तो मोजता मोजता ऐकत होता — आणि एकदम यंत्राच्या पडद्याकडे वाकला. त्याने पुन्हा मोजलं. मग दुसरा डोळा.

"सहाच्या वर. सिस्टर, मोठ्या सरांना बोलवा, लगेच." तिच्याकडे वळून म्हणाला, "घाबरू नका. लवकर कळलंय."

तासाभरात बाबा ऑपरेशन थिएटरमध्ये होते. आत साकळलेलं रक्त काढलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बाबांनी तिला नावाने हाक मारली, तेव्हा ती रडली. आणि पडद्याआड पाठमोरा उभा राहून तोही चष्मा पुसत होता.

घरी सोडायच्या दिवशी तो यंत्राशिवाय आला.

"आज माप नाही?"

"आज डॉक्टर म्हणून नाही आलो. बाबा बरे होईपर्यंत बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. मला तुम्ही... म्हणजे, तुम्ही मला फार आवडता."

ती औषधांच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिली.

"अगं, पोरगा घामाघूम झालाय," चाकाच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "काहीतरी बोल."

तिने औषधांची पिशवी त्याच्या हातात दिली. "चला गाडीपर्यंत. वाटेत सांगते."

पण लिफ्ट यायच्या आतच तिने सांगून टाकलं.