पेन्सिलीची ओळ

वंशावळ ग्रंथालय एका दातांच्या दवाखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते. पुढचा मजला पायांनी चढायचा, आणि पूर्वज शोधायची हौस येते ती बहुधा गुडघे गेल्यावरच. मी बावन्न वर्षांची आहे. वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती आणि रागही आला होता.

राग बाबांचा होता. बाबा एकोणऐंशी वर्षांचे, आठवडाभर इस्पितळात. हृदयाची झडप निकामी झालेली. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठरली होती, आणि संमतीपत्रावर सही करायला ते तयार नव्हते. शस्त्रक्रियेवाचून ते महिनाही काढणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण माणूस शुद्धीवर आहे, डोकं ठिकाणावर आहे, तेव्हा त्याच्या सहीशिवाय कुणी हात लावणार नव्हतं. बाबांची अट एकच होती.

"मला मोठा भाऊ होता. तो होता असं कुठंतरी लिहिलेलं मला दाखव, लगेच सही करतो. मी टेबलावरच गेलो, तर तो होता असं म्हणणारं कुणी उरणार नाही."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाबांना आठवतं ते इतकंच, की त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा मुलगा होता, त्याला ते दादा म्हणत आणि तो त्यांच्या बुटाची नाडी बांधून द्यायचा. बाबा पाच वर्षांचे असताना एक दिवस तो दिसेना. विचारलं तर घरातले सगळे म्हणाले, असा कुणी नव्हताच. आजी-आजोबा जाईपर्यंत तेच म्हणत राहिले. आता उरली आत्या, बाबांची मोठी बहीण, वय पंच्याऐंशी. तिचं उत्तर ठरलेलं आहे: "तुझ्या बाबाला खेळायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं मनानंच एक भाऊ केला."

चाळीस वर्षांत या वाक्यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. मी विमा कंपनीत दावे तपासते. खरं बोलणारा माणूस तीच गोष्ट दर वेळी जरा वेगळी सांगतो, कुठं अडखळतो, कुठं भर घालतो. शब्दाला शब्द जुळला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. नवरा म्हणतो, दूधवाल्याच्या दुधाचं सोड, तू त्याच्या नमस्कारातही पाणी शोधतेस. शोधते. आणि बऱ्याच वेळा सापडतं.

ग्रंथालय म्हणजे एक लांबलचक खोली होती. दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, मधे उतरतं लाकडी टेबल, टोकाला एक खिडकी. जुन्या कागदाच्या वासात खालच्या दवाखान्यातला लवंगेच्या तेलाचा वास मिसळला होता. मधूनच दात कोरायच्या यंत्राची बारीक घरघर पायांखालून यायची आणि थांबायची. माझ्याशिवाय वाचक नव्हता. ग्रंथपाल साठीचे होते, शर्टाच्या बाह्यांवर कापडी खोळी चढवलेल्या, आवाज इतका खालचा की ऐकायला पुढं वाकावं लागे.

त्यांनी आधी माझं पेन मागून घेतलं आणि एक टोक केलेली पेन्सिल हातात दिली. इथला नियम त्यांनी मला समजावला. जिवंत माणसाची नोंद पेन्सिलीत असते, कारण जिवंत माणूस बदलतो, घर बदलतो, लग्न करतो, मोडतो. माणूस गेला की दाखला बघून तीच ओळ ते स्वतः शाईनं गिरवतात. शाई लावायचा अधिकार फक्त त्यांचा. "शाईची ओळ बंद झाली, ती पुन्हा उघडत नाही," असं ते म्हणाले. मला नियम आवडला. माझ्या पर्समध्ये दुसरं पेन होतं, ते सांगायचं मला सुचलं नाही.

आमच्या घराण्याचा तक्ता मिळायला दहा मिनिटं लागली. पणजोबा शाईत. आजोबा शाईत, आजी शाईत. त्यांच्या खाली तीन रेघा उतरत होत्या. मला वाटलं होतं दोन असतील.

पहिली आत्या, पेन्सिलीत. तिसरे बाबा, पेन्सिलीत. मधे एका मुलाचं नाव होतं, आमच्या घरात कुणी कधी न घेतलेलं. जन्मसाल बाबांच्या दोन वर्षं आधीचं. मला एकदम रडू आलं. बाबा चौऱ्याहत्तर वर्षं खरं बोलत होते, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांची समजूत काढली होती.

डोळे पुसून झाल्यावर माझ्यातली तपासनीस जागी झाली. मधली ओळही पेन्सिलीतच होती.

मी ग्रंथपालांना विचारलं, हा गृहस्थ हयात आहे का? त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि एक जाड वही आणून समोर ठेवली. ती हयातीची वही. दर वर्षी घराण्यातल्या जिवंत माणसांनी येऊन वय लिहायचं आणि पेन्सिलीनं सही करायची. येता येत नसेल त्याच्या वतीनं दुसऱ्यानं केली तरी चालते. आमच्या घराण्याच्या पानांवर वर्षामागून वर्षं आत्याची सही होती. स्वतःसाठी, बाबांसाठी, पुढं माझ्यासाठीसुद्धा. आत्या इथं येत होती, दर वर्षी, आणि आम्हाला तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

आणि तिच्या प्रत्येक सहीखाली त्या मधल्या नावाची सही होती. सही कुणी केली या रकान्यात लिहिलेलं होतं: स्वतः.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. ही माझ्या ओळखीची जमीन होती. दुसऱ्याच्या नावानं सह्या करणारे मी ढिगानं पाहिले आहेत. आत्याच हे करत असणार. कशासाठी, ते नंतर बघता आलं असतं. मी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

अक्षर लहान मुलाचं होतं. गोल, मोठं, शिरोरेघ अक्षराच्या पुढं धावलेली. पेन्सिल फार दाबून धरलेली, पानाच्या मागून बोट फिरवलं तर प्रत्येक अक्षर लागत होतं. आत्याची सही वर्षागणिक बदलत गेली होती. आधी शाळकरी, मग ऐटबाज, साठीनंतर कापरी. खालची सही बदलली नव्हती. कापऱ्या हातानं कुणी असं दाबून लिहू शकत नाही.

मग मी गेल्या वर्षाचं पान काढलं. गेल्या वर्षी आत्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती पाच महिने अंथरुणाला खिळून होती. तिचा रकाना रिकामा होता. बाबांचा रिकामा, माझा रिकामा. मधली सही होती.

वयाचा रकाना मी तोवर नीट पाहिला नव्हता. आत्याचं वय दर पानावर एकानं वाढत होतं. त्या मुलाच्या नावापुढं पहिल्या पानावर सात होतं. पुढच्या पानावर सात. मी पानं भराभरा उलटत गेले. शेवटपर्यंत सातच.

ग्रंथपालांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. मी म्हटलं, चौऱ्याहत्तर वर्षं एक माणूस सात वर्षांचा कसा राहील, तुम्ही कुणी हे बघितलं नाही?

"जो जे सांगेल ते लिहून घ्यायचं," ते म्हणाले. "तपासणं आमचं काम नाही."

"येतं कोण? तुम्ही पाहिलंय त्याला?"

त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "मी इथं लागलो तेव्हा आधीच्या ग्रंथपालांनी एकच सांगितलं होतं. त्या दिवशी वही उघडी ठेवायची आणि खिडकीकडे तोंड करून बसायचं."

"कुठल्या दिवशी?"

मी या वर्षाचं पान काढलं. तारीख आजची होती. पेन्सिलीची भुकटी अजून पानावर होती, माझ्या बोटाला लागली. वही माझ्यादेखत कुलपातून निघाली होती.

मी ठरवलं, यात पाणी मुरतंय आणि मुरवणारा समोरच बसलाय. कुलपाची किल्ली त्याच्याकडे. इतक्या वर्षांत ग्रंथपाल बदलले तरी सही गिरवायची पद्धत एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. असे प्रकार मी पाहिले आहेत. पण ते कसंही असो, बाबांना हवा होता तो कागद होता, आणि घड्याळात साडेचार होत आले होते. सहापर्यंत संमतीपत्र डॉक्टरांच्या टेबलावर हवं होतं. मी तक्त्याची प्रत मागितली. ते यंत्र चालू करायला कोपऱ्यात गेले.

पुढं जे झालं ते सवयीनं झालं. एकोणतीस वर्षं मी एकही कागद पुढं पाठवलेला नाही, ज्याच्यावर माझी खूण नाही. कागद पाहिला की शेजारी "तपासले" लिहायचं, वेळ घालायची, सही करायची. हात ते आपोआप करतो. आपल्या कामाचा अभिमान म्हणा, खोड म्हणा. पर्समधून पेन निघालं आणि मधल्या नावाला लागून मी लिहिलं: तपासले, ४.३०. खाली सही. शेवटचं अक्षर मी नेहमी मागे ओढते. ती रेघ त्याच्या नावावरून गेली.

शाईची रेघ.

खालच्या मजल्यावरचं यंत्र थांबलं.

ग्रंथपाल वळले. त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग तक्त्याकडे. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "शाई लावलीत?"

मी माफी मागितली, खोडून देते म्हटलं. त्यांनी मान हलवली. हयातीची वही मिटली, पुन्हा उघडली आणि उघडीच टेबलावर ठेवली. "आता इथं कोण कशाला येईल," असं काहीतरी ते पुटपुटले. तक्त्याची प्रत काढून माझ्या हातात दिली, पैसेही घेतले नाहीत.

जिन्यात मी ती उलगडून पाहिली. इतकी फिकी पेन्सिल त्या जुन्या यंत्राला दिसणार नाही, हे मला कळायला हवं होतं. आजी-आजोबा ठळक आले होते. आत्या गायब, बाबा गायब. मधल्या जागी नाव नव्हतं. कोऱ्या कागदावर फक्त माझी सही होती, आणि तपासले.

हा कागद बघून बाबा सही कसली करणार? मी तिथंच पायरीवर बसले आणि आत्याला फोन लावला. तिलाच बोलायला लावायचं, बाबांशी थेट, असं मी ठरवलं होतं. मला सगळं कळलंय, मी ग्रंथालयात आहे, तू दर वर्षी इथं येतेस, असं मी एका दमात सांगितलं. मला वाटलं ती ते ठरलेलं वाक्य म्हणेल.

तिनं विचारलं, "तू काही लिहिलंस का तिथं?"

"खूण केली."

"पेन्सिलीनं ना?"

"पेन हातात होतं," मी म्हटलं. तिला ते पुरलं असावं.

"तुझ्या बाबाजवळ आत्ता कोण आहे?"

"कुणी नाही. मी निघालेच आहे."

"रिक्षा कर," आत्या म्हणाली. "बोलत बसू नकोस."

इस्पितळ वीस मिनिटांवर होतं. वाटेत मी स्वतःला चार वेळा सांगितलं की म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांच्या भीतीनं जपलेलं हे एक जुनं दुःख आहे, बाकी काही नाही. चारही वेळा मी ते त्याच शब्दांत सांगितलं, हे माझ्या लक्षात आलं.

बाबांच्या मजल्यावरच्या नर्सनं मला बघून हसत हात हलवला. झालं बरं का, म्हणाली. बाबांनी आपणहून पेन मागून घेतलं, संमतीपत्रावर सही केली, कागद डॉक्टरांकडे गेलासुद्धा. कधी, असं मी विचारलं. तिनं फाइल पाहिली. साडेचार.

मी फाइल मागून घेतली. सही बाबांचीच होती. अक्षर न् अक्षर त्यांचंच.

खोलीत दिवा लागलेला होता. बाबा जागे होते, चेहरा इतका निवांत की महिन्याभरात मी तसा पाहिला नव्हता. मी हातातला कागद पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. कशाला आता, म्हणाले. इतकं बोलतानाही त्यांचा आवाज खाली होता.

ते पलंगाच्या अगदी कडेला, कठड्याला चिकटून, एका कुशीवर पडले होते. सलाइनची नळी ताणली गेली होती. आठवडाभर ते मधोमध, उताणे झोपत आले होते.

"बाबा, मधे सरका. पडाल."

"अगं, हळू," बाबा म्हणाले. "जागा कुठंय?"

त्यांनी हात मागे नेला आणि पाठीमागचं पांघरूण चाचपून वर ओढून दिलं.

ते तिथं सपाट पडलं नाही. मी ते उचलून तपासलं नाही.