तीन दिशांना हलकासा धक्का

"उत्तर आवडलं ना गं? मग परत करून बघ!"

गणित शिकवणाऱ्या आत्याचा हा आवाज तिने नवव्या वर्षी ऐकला, आणि तो वेळी-अवेळी कानात यायचा. त्या दुपारी मात्र आला नाही. प्रिंटरमधून तिचा आलेख गरमागरम बाहेर पडला आणि भलत्याच कुणीतरी उचलला.

"माझा आहे तो."

"असेल. पण बघू तर द्या… नऊ दिशा, आणि वाढल्या तीनच?"

"तीनच. बाकीच्या सहा लाजल्या."

तो हसला. बाहीवर खडूची पूड, नजर आलेखावरून तिच्याकडे… पुन्हा घाईने आलेखाकडे. दोन महिन्यांसाठी आलेला हा सिद्धान्तवाला. सगळे त्याला पाहुणाच म्हणत. आणि सदा संगणकाला चिकटलेल्या तिला यंत्रबाई.

तिचं काम सांगायला सोपं, करायला घाम काढणारं. आधी जागा नाही, काळ नाही. आहेत फक्त आकड्यांच्या भल्यामोठ्या सारण्या. गणितात दिशा नऊ; सारण्यांच्या आपसातल्या वागण्यातून त्यांतल्या तीनच वाढून लांबी-रुंदी-उंचीचं जग आपोआप उमलतं का, हे ती संगणकाला विचारत होती.

"म्हणजे आपल्या दोघांतलं हे अंतरही आकड्यांनीच ठरवलंय म्हणायचं?"

"हो. पण आकडे बदलतात," ती म्हणाली, आणि आलेख काढून घेतला.

मग दोघं मिळूनच कामाला लागली. कधी फळ्यापुढे, कधी जिन्यात अर्ध्या-अर्ध्या चहावर… 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंही नाही. दोन महिने संपत आले तेव्हा विभागप्रमुख सर म्हणाले, निकाल पक्का ठरला तर पाहुणा दोन वर्षं इथेच. नाहीतर शनिवारी परत.

गुरुवारी आत्या कानात बोलली. यंत्रबाईने प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सारण्या लवकर हलाव्यात म्हणून चाचणीपुरता तिने तीन दिशांना हलकासा धक्का दिला होता. तो नंतर काढायचा असतो. राहून गेला होता! दिशा फुलल्या नव्हत्या. तिने फुलवल्या होत्या.

गप्प बसली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. पाहुणा राहिला असता.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. "चूक माझी. निकाल मागे घेते." धक्का काढून गणित पुन्हा लावलं. उत्तर अकरा दिवसांनी.

शनिवारी सकाळी पाहुणा फळा पुसत होता.

"तुझा राग यायला हवा, पण येतच नाहीये. काय करू?"

"प्रयत्न सोडू नकोस."

"कळव हं. दिशा वाढल्या तर… नाही वाढल्या तरी…"

"तरी काय?"

"काही नाही. बस आहे माझी." त्याने पिशवी खांद्याला लावली.

ती दारातच उभी होती. आजवर गिळलेलं सगळं ओठांवर आलं, आणि या वेळी तिने येऊ दिलं.

"सारण्यांचं उत्तर अजून नऊ दिवसांनी येईल. माझं ऐकून जा. मला तू आवडतोस. कामाला हातभार लावतोस म्हणून नाही, इथे राहशील म्हणूनही नाही. जाशील तिथेही आवडशील. आता बस धर, नाहीतर चुकव… तुझं तू ठरव."