साच्यातला शब्द

जेल रोडवरच्या त्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा लोडशेडिंग चालू होतं. २००७चा सप्टेंबर. बाहेर चिकट पाऊस, आत मिट्ट काळोख. पाऊल टाकलं ते कुणाच्या तरी पायावरच.

"पाय माझा आहे," आवाज आला. "काम काय होतं?"

"यादव सरांच्या क्लासची वेबसाइट... सर गेले जूनमध्ये. मी तृप्ती, त्यांची मुलगी."

त्यानं चाचपडत खुर्ची पुढे केली. नाव लखन. बाबांची साइट त्यानंच बनवली होती.

वीज आली. पडद्यावर बाबांचा फोटो आला, आणि मी खिडकीकडे पाहू लागले. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लावतात. आई रोज म्हणायची, वेबसाइटवरही लाव गं, लोक अजून त्यांनाच विचारतात. आणि मी फोनवर सांगायचे — सर बाहेर गेलेत.

"तो शब्द तुम्हीच लिहा. माझ्यानं होणार नाही."

"लिहितो. पान सलग नसतं हे, तुकड्यांचं असतं. सगळ्या शिक्षकांना साचा एकच. नाव, फोटो त्यात आपोआप भरले जातात."

"म्हणजे बाबा एक तुकडा?"

"पानावर," तो हळूच म्हणाला. "फक्त पानावर."

दुसऱ्या दिवशी घरी साइट उघडली. लखननं शब्द बाबांच्या नावाला नाही, साच्यालाच लावला होता. पानावरचे सगळेच गेले होते! कालकथित यादव सर. कालकथित झुंबर सर, विज्ञान. आणि खाली, बाबांनी हौसेनं टाकलेलं माझं नाव — कालकथित तृप्ती, बीजगणित.

मी तणतणत ऑफिस गाठलं.

"झुंबर सर आत्ताच ओरडून गेले," लखन मान खाली घालून म्हणाला. "म्हणाले, मेल्या, आधी रिटायर तरी होऊ दे!"

मी हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मग हसता हसता रडायलाच लागले. तो पडद्याकडे बघत राहिला.

"तुमच्या नावाआधी तो शब्द दिसला ना... हात गार पडले माझे."

"का? ओळख तर कालची."

"हो ना... तेच कळत नाहीये."

साच्यातून शब्द त्यानं काढून टाकला होता. आता तो एकाच नावाला लावायचा होता. "लिहू मी?" त्यानं विचारलं.

"नको. सरका."

मी लिहिला. एकेक अक्षर. मग बटण दाबलं. पान पुन्हा उघडलं. झुंबर सर जिवंत, मी जिवंत.

"आता खरंच गेले ते," मी म्हटलं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ते आहेतच गं आपल्यात.

"हो," लखन म्हणाला.

त्या एका 'हो'साठी मी त्याचा हात धरला. तो अजून गारच होता.