राखीव माणसं

खारवाडीच्या खाडीत नौदलाची जुनी जहाजं पांघरूण घालून ठेवलेली होती. किनाऱ्यावरच्या लांबलचक शेडमध्ये निवृत्त हेलिकॉप्टरं पाती दुमडून उभी होती. त्यांच्या पोटात नळ्यांमधून सतत कोरडी हवा सोडली जाई. हवेत दमटपणा नसला की गंज चढत नाही, आणि वर्षानुवर्षं उभं राहिलेलं यंत्रही हाक मारताच उठतं.

ती भंगारात न घालण्याला कारण होतं. नौदलाची नवी हेलिकॉप्टरं वैमानिकाशिवाय, उपग्रहांच्या इशाऱ्यावर उडत. पण उपग्रहांचे संदेश बिघडवणं आता कुठल्याही शत्रूला जमू लागलं होतं. सूर्यावर मोठं वादळ झालं तरी ते तुटत, आणि मग ही महागडी यंत्रं आंधळी होत. जुनी हेलिकॉप्टरं मात्र माणसाच्या डोळ्यांवर आणि हातांवर चालत.

अडचण होती ती या हातांची. यंत्राचा गंज थांबवता येत होता, पण निवृत्त होऊन घरी बसलेल्या माणसाचे हात हळूहळू विसरतात. त्यावर तळावरच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. इरावती केळुसकर यांनी उपाय शोधला होता. कागदोपत्री त्याला निद्रा-उजळणी म्हणत. लोकांच्या तोंडी नुसतं उजळणी. कानामागे कातडीखाली बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी चकती, माणूस गाढ झोपला की त्याच्या मेंदूत जुन्या सरावाच्या खुणा पुन्हा जागवी. सकाळी त्याचे हात असे ताजे असत की जणू तो कालच कामावरून परतला आहे.

जयवंत पागधरे यानं निवृत्तीच्या वर्षीच ती बसवून घेतली आणि गरजेला बोलवायच्या निवृत्तांच्या राखीव दलात नाव घातलं. हेलिकॉप्टरच्या दारात बसून पोलादी दोर खाली सोडायचा आणि बुडणाऱ्याला वर ओढायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. वाऱ्यात दोर हेलकावे खाऊ लागला की तो कधी ढिला सोडायचा आणि कधी ताणायचा, हे त्याच्या बोटांना कळे. देशाला ही बोटं लागणार असतील तर त्याची ना नव्हती.

पुढची दोन वर्षं त्याची बायको हेमांगी हिला फारसं काही खटकलं नाही. तो नव्या शेजाऱ्याचं नाव विसरे, काल पाहिलेला सिनेमा आज पुन्हा लावी. वय झालं, असं ती म्हणे. मग पावसाळा संपता संपता त्यांचा एकुलता एक मुलगा तन्मय याची मासेमारीची बोट वादळात उलटली. तन्मयचा देह किनाऱ्याला लागला. जयवंतनं स्वतः त्याला अग्नी दिला, आणि त्या संध्याकाळी तो लहान मुलासारखा रडला.

चार-पाच दिवसांनी चहा पिता पिता त्यानं विचारलं, तन्मयची बोट अजून कशी आली नाही?

हेमांगीनं सांगितलं. तो पुन्हा तसाच कोसळला, पहिल्यांदा ऐकावं तसा. मग हे होतच राहिलं. कधी आठवड्यानं, कधी दुसऱ्याच दिवशी. पुढे पुढे ती सांगेनाशी झाली. तन्मय लांब खोल समुद्रात गेलाय, एवढंच म्हणे, आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारून येई. काही सकाळी जयवंत छातीवर हात ठेवून बसे आणि म्हणे, काल माझं कुणाशी भांडण झालं का गं? उगाच जड वाटतंय.

शेवटी ती तळावर डॉक्टर इरावतींना भेटायला गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“दिवसभरात जे घडतं ते मेंदू आधी कच्चं ठेवतो,” त्या म्हणाल्या. “रात्री झोपेत तेच पुन्हा पुन्हा चालवून पक्कं करतो. पण रात्र लांबवता येत नाही, हेमांगीताई. ती आम्ही जुन्या सरावाला देऊन टाकली.”

“मग नवं कुठे जातं?”

“कुठेच नाही. कच्चं असतं, ते पुसलं जातं. थोडंफार जाईल याची आम्हाला कल्पना होती. इतकं जाईल असं वाटलं नव्हतं. छातीतलं ते जड वाटणं मेंदूत निराळ्या वाटेनं जातं, म्हणून ते उरतं. त्याचं कारण उरत नाही.”

चकती बंद करता येत होती, पण मग जयवंतचं नाव राखीव दलातून निघणार होतं. हेमांगीनं त्याला पुन्हा एकदा, शेवटचं म्हणून, सगळं सांगितलं. तो बंद करा म्हणाला.

या वेळी दुःख टिकलं. दुसऱ्या दिवशीही टिकलं, तिसऱ्या दिवशीही. जयवंतचं जेवण तुटलं. हेमांगीला हे आपल्याला कितीदा सांगावं लागलं असेल हे उमगलं तेव्हा त्यानं तिचे हात धरून माफी मागितली. दोघं दुपारी ओट्यावर बसत आणि तन्मयविषयी बोलत: त्याचा हट्टीपणा, त्याची शीळ, लग्नाला नाही नाही म्हणणं. दीड वर्षं हेमांगी एकटीच रडत होती. आता सोबत होती. ते दिवस तिला बरे वाटले, आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या महिन्यात सूर्यावर मोठं वादळ झालं. उपग्रहांचे संदेश तुटले, आणि त्याच दुपारी एक मालवाहू जहाज खवळलेल्या समुद्रात कलंडू लागलं. नवी हेलिकॉप्टरं जमिनीवरून हललीही नाहीत. शेडमधल्या हेलिकॉप्टरांच्या नळ्या निघाल्या, राखीव वैमानिक धावत आले. दोर सांभाळणारा मात्र दलात एकच उरला होता, तोही परगावी. जयवंतला बोलावणं आलं. नाव निघालं असलं तरी तो गेला.

त्यानं आठ खलाशी वर घेतले. नववा अगदी तरुण होता. दारापासून हातभर खाली असताना वाऱ्याचा झोत आला, दोर फिरला, आणि जयवंतच्या बोटांनी ढील द्यायला क्षणभर उशीर केला. झटका बसून मुलगा पट्ट्यातून निसटला. त्याचा वर वळलेला चेहरा जयवंतनं लाटेत जाईपर्यंत पाहिला.

डॉक्टर इरावतींनी नंतर समजावलं की यात त्याचा दोष नव्हता. उजळणीच्या आधारावर राहिलेलं कसब प्लास्टरमधल्या हातासारखं असतं. आधार काढला की ते नेहमीपेक्षा लवकर लुळं पडतं. जयवंतनं मान खाली घालून ऐकलं आणि चकती पुन्हा सुरू करायला सांगितली.

हेमांगी शेजारीच बसली होती. “मी काय करू मग?” तिनं विचारलं. “पुन्हा एकटीनं?”

“माझे हात चालले असते तर तो पोरगा आज घरी असता,” जयवंत म्हणाला. “त्यालाही आई असेलच ना.”

“हा मुलगाही तुम्ही विसरणार,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचा मुलगाही. एवढ्या थोड्या दिवसांत काही पुरतं पक्कं होत नाही.”

“ठाऊक आहे मला,” तो म्हणाला.

चकती सुरू झाली. आठवड्याभरात त्याला भूक लागू लागली, आणि तो तन्मयची वाट पाहू लागला.

त्या वर्षी राखीव दलाची सज्जता कधी नव्हे इतकी चांगली असल्याचं जाहीर झालं. नुकसान उघड झाल्यावर प्रत्येकाला चकती काढून घेण्याची मुभा दिली होती. फार थोडे आले. बाकीच्यांच्या बायका मेल्या होत्या, मुलं दुरावली होती, दुखणी जडली होती. यातलं काहीच झालं नाही असं मानून ते रोज सकाळी उठत होते, आणि बोलावलं असतं तर तासाभरात हजर झाले असते.

हेमांगी पुन्हा एकदा डॉक्टरांकडे गेली. या वेळी ती स्वतःसाठी आली होती. मलाही बसवा, म्हणाली, नवऱ्याला रोज सांगितलेलं खोटं तरी सकाळी आठवणार नाही.

चकती फक्त दलातल्या माणसांसाठी असते, हे डॉक्टर सांगू शकल्या असत्या. त्या तसं बोलल्या नाहीत. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मी नियम मोडून बसवीनही. पण चकतीला चालवायला काहीतरी जुनं लागतं. हातात मुरलेलं एखादं काम. तुम्हाला काय येतं?”

हेमांगी आठवून एकेक सांगू लागली. मासळी सुकवायला येत होती; तेव्हा तन्मय पाठीशी झोळीत असे. जाळं विणायला येत होतं. तिच्या शेजारी बसूनच तो पहिली गाठ शिकला होता. रांधणं त्याच्या आवडीनं बदललं होतं. वल्हवणं ती बापाकडून शिकली होती, पण तिच्या हातांना आठवत होतं ते त्याला शिकवतानाचं.

“आणखी सांगा ना,” डॉक्टर म्हणाल्या. “ज्यात तन्मय नाही असं काहीही चालेल. नाहीतर रोज रात्री तोच जागा होईल.”

हेमांगीनं पुष्कळ वेळ आठवून पाहिलं. मग ती उठली, आणि दार उघडून बाहेर पडली.