दसऱ्याला उघडलेला कॉम्प्युटर

ज्याला खोटं वाटतं त्यानं पुलगावला यावं. दुकान अजून तिथंच आहे, आणि मीही.

२००७ सालचा दसरा. दुपारचे दोन. बाजार बंद.

मी शालू, नाचणगावची. घरी भाजीचं वावर. प्रफुलभाऊंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात चार वर्षं काम शिकले. "पोरीच्या जातीले हे जमते काय?" म्हणणाऱ्यांची तोंडं भाऊंनीच बंद केली होती. त्या श्रावणात भाऊ गेले. हार्ट अटॅक. तेव्हापासून दुकान मी एकटीच चालवत होते.

पण जागा त्यांच्या थोरल्या भावाची, प्रभाकररावांची. त्यांना तिथं कापडाचं दुकान टाकायचं होतं.

निमित्तही मिळालं. त्यांच्या मुलाच्या, अंकितच्या कॉम्प्युटरला मी नवं ग्राफिक्स कार्ड लावून दिलं, आणि गेम सुरू केला की तो रिस्टार्ट व्हायला लागला.

"घरचा एक डब्बा नीट होऊन नाई राह्यला तुह्याच्यानं, दुकान काय चालवशीन?" प्रभाकरराव म्हणाले. "दसऱ्याले संध्याकाळी सोनं द्याले येतो. चालला तं ठीक. नाई तं किल्ली देजो."

असा राग आला ना!

रॅम पुसली. ड्रायव्हर बदलले. विंडोज नव्यानं टाकली. गेममधली गाडी शर्यतीत उतरली की... टक्. स्क्रीन काळी. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी कळलं. नव्या कार्डाला वीज पुरत नव्हती. दणकट पॉवर सप्लाय हवा होता.

तसा दुकानात एकच होता. भाऊंच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये.

आणि त्याची मी सकाळीच पूजा केली होती. हळदकुंकू, झेंडूचा हार, हारावर भाऊंचा पिवळ्या मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. भाऊंचा नियम कडक होता: "पूजेच्या दिवशी मशीनले हात नाई लावाचा. तिचीबी सुट्टी असते."

"माफ करा भाऊ," म्हटलं आणि पेचकस उचलला. टेबलावर ठेवून केबल काढायला वाकले.

वर पाहते तर टेबल रिकामं.

पेचकस... पुन्हा हारावर होता.

दुकानात मी एकटी. शटर अर्धं खाली.

माझाच काहीतरी घोळ, म्हणून पुन्हा उचलला. या वेळी त्याच्यावरून नजर हलवली नाही. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल फटफटली, क्षणभर तिकडं पाहिलं...

पुन्हा हारावर. मुठीवर ताजं, ओलं कुंकू.

मी कोरडं लावलं होतं.

रडू येत होतं. पण खरं सांगू? भीतीपेक्षा रागच जास्त होता.

"भाऊ, तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा!" मी ओरडले. "किल्ली गेली तं मी काय पुन्हा वावरात भेंड्या तोडू? नाई घेत तुमचा पेचकस, जा. माहा आहे माह्यापाशी!"

पिशवीतला माझा पेचकस काढला. हार बाजूला केला. कॅबिनेट खोललं.

आतून वास आला... भाऊंच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा. आत्ताच घोटल्यासारखा.

नाक दाबलं आणि पॉवर सप्लाय काढला.

पाच वाजता अंकितच्या कॉम्प्युटरवर गेम सुरू केला. एक शर्यत. दोन. तीन. हूं की चूं नाही.

प्रभाकरराव आले. अर्धा तास खुर्चीत बसून राहिले, कधी बंद पडतो याची वाट पाहत. नाही पडला. शेवटी आपट्याची पानं माझ्या हातावर टेकवली.

"ठेव किल्ली तुह्याचजवळ," म्हणाले आणि कॉम्प्युटर घेऊन गेले.

मी शटर ओढणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

बीप.

भाऊंचा कॉम्प्युटर. हिरवा दिवा लागलेला. पंखा गरगरत होता.

मग... टक्. दिवा गेला. पुन्हा बीप.

पॉवर सप्लाय काढलेला कॉम्प्युटर सुरू होऊच शकत नाही. हे मला भाऊंनीच शिकवलं होतं.

त्यात मी नंतर काहीच बसवलं नाही. तो अजून तसाच पोकळ आहे. दर दसऱ्याला त्याची पूजा करते, आणि संध्याकाळी बीप येतोच. भाऊ रागावलेत की शाबासकी देतात, देव जाणे.

पण किल्ली कमरेलाच असते.

"ऐकलं भाऊ," मी म्हणते. "उद्या नऊले उघडतो दुकान."