पाळकसाहेबांची शेवटची घरभेट

पाळकसाहेब रविवारी गेले, आन सोमवारी सकाळी त्यांची बायको विजयमालाच्या दारात येऊन बसली.

विजयमाला साबळे पयली नगरला पोलिसात हवालदार हुती. नोकरी सोडून तिनं शेवगावात सोताचं तपासाचं काम मांडलं. संगट कायम कल्याण. रिक्षा त्याची, डोकं तिचं, असं लोक म्हनायचे. त्यालाबी त्याचं काय वाटत नव्हतं.

पाळकीणबाईंचं नाव धनश्री. रडत नव्हत्या. सरळ सांगितलं. त्यांचे मालक, पाळक शांतवन पाटोळे, उपासना उरकून वस्तीवर गोजरबाईला प्रभुभोजन, म्हंजे प्रार्थनेची भाकर आन द्राक्षरस, द्यायला गेले. म्हातारी लुळी, वाचा गेलेली, चर्चात येऊ शकत न्हाई. तिथून माघारी येताना साहेब फाट्यावर गाडीवरनं पडले. तोंडाला फेस. दवाखान्यात पोचायच्या आत संपले. पोटात फवारणीचं औषध निघालं. फौजदार म्हनला, एवढ्या उग्र वासाचं औषध मानूस नकळत पीत न्हाई, म्हंजे सोताच घेतलं.

"चर्चचे पंच म्हनत्यात, जीव देनाऱ्याला मंडळीच्या दफनभूमीत जागा न्हाई," धनश्रीबाई म्हनल्या. "उद्या दुपारी बैठक हाय. साहेब त्यातले नव्हते, बाई. त्यांना असं टाकून देऊ नका."

विजयमालानं वासाचं इचारलं. धनश्रीबाई म्हनल्या, करोना झाल्यापासून साहेबांना कशाचाच वास येत नव्हता. दूध करपलं तरी कळायचं न्हाई.

फौजदार विजयमालाच्या जुन्या वळखीचा. त्यानं साहेबांची प्रभुभोजनाची पेटी दाखवली. एक बाटली, एक छोटा कप, भाकरीची डबी. बाटलीतला द्राक्षरस साफ निघालेला. औषध नुसतं कपाला लागलेलं. आन कप तळापर्यंत रिकामा.

कल्याणनं रिक्षा चालू केली. तो साहेबांच्याच चर्चच्या मंडळीतला. साहेबांच्या आठवणी सांगत सुटला. कसे पावसापान्यात घरोघर जायचे, आशीर्वाद मागितलेला रस कसा थेंबभर सांडू द्यायचे न्हाईत, कुनाचा उरला तर सोता पिऊन टाकायचे.

"आमच्यात बारक्या पोरालाबी ठावं हाय, अक्का."

"मला नव्हतं ठावं," विजयमाला म्हनली.

पयला गाठला वाल्मिक. पंचांचा म्होरक्या. साहेबांची बदली करायला त्यानं लई धडपड केलेली, आन रविवारी बाटली त्यानंच भरून दिलेली. कल्याणला वाटलं, गावला चोर. वाल्मिक ताठ बोलला. साहेबांनी भर उपासनेत पंचांना सुनावलं हुतं, की आजाऱ्यांच्या घरी तुमच्यातला एक जन फिरकत न्हाई.

"आमाला काय कामंधंदे न्हाईत का?" वाल्मिक म्हनला.

गोजरबाईच्या घरी सून शुभांगी एकटीच. नवरा उसतोडीला कारखान्यावर. घर सारवलेलं. म्हातारी पाच वर्षं बाजेवर, पन पाठीला एक फोड न्हाई. शुभांगीचेच डोळे खोल गेलेले.

तिनं सांगितलं, कपाला रस्त्याची धूळ बसलेली, म्हनून तिनंच तो इसळून दिला आन चुलीपाशी गेली. प्रार्थना झाली, आत्याबाई प्याल्या, साहेब गेले.

विजयमालानं सहज इचारलं, उरलेल्या रसाचं काय केलं साहेबांनी?

"टाकला असंल की भाईर. उष्टं कोन ठेवतंय?"

मग विजयमाला बाजेवर वाकली. "आजी, रविवारी रस प्यालात का?" म्हातारीनं ओठ गच्च मिटले आन तोंड भितीकडं फिरवलं.

"रागावली," कल्याण भाईर येऊन म्हनला.

"न्हाई. सांगितलं तिनं. ही सून चर्चात येती का रं?"

"कशी येनार? दुसऱ्या समाजातली. लगीन होऊन आली, तवाच सासू पडली. म्हातारीला सोडून उंबरा वलांडता येत न्हाई तिला."

मंगळवारी चर्चात पंच जमले. विजयमालानं शेजारनीला म्हातारीजवळ बसवलं आन शुभांगीला रिक्षातून आनलं. ती दारापाशीच टेकली. फौजदार भिंतीला उभा हुता.

विजयमाला म्हनली, "बाटली साफ हुती. म्हंजे वाल्मिकरावांनी काय केलं न्हाई. औषध कपात पडलं, रस वतायच्या आधी. आन तो कप साहेबांशिवाय एकाच मानसाच्या हातात गेला. इसळायला."

शुभांगी मान खाली घालून बसलेली.

"साहेबांना सोता घ्यायचं असतं, तर म्हातारीच्या कपातून कशाला घेतलं असतं? तो कप तिच्यासाठीच हुता. तिला वास आला. बोलता येत न्हाई, म्हनून तोंड मिटून फिरवलं, जसं मला करून दावलं. साहेबांना वाटलं, आज तिला गिळवत न्हाई. त्यांना वास येत नव्हता. आन आशीर्वादाचा रस टाकायचा कसा? पिऊन टाकला. सुनेनं सांगितलं, सासू प्याली. प्याली असती तर ती आज बाजेवर नसती."

वाल्मिक म्हनला, "पन हिला कळायला नको का, उरलेला साहेब पेत्यात?"

"कुठं कळनार? ह्या जागेत बसली असती तर कळलं असतं. एवढ्या वर्षात तुमच्यातलं कोन चार घटका म्हातारीपाशी बसलं, की हिला इथं येता येईल?"



शुभांगीच बोलली, हळू. "रोजच्या कालवनात टाकायला हात झाला न्हाई. म्हनलं, देवाच्या हातून जाऊ दे. लोक म्हनत्याल, प्रभुभोजन घेऊन गेली, चांगलं मरन आलं. पाळकसाहेब एकलेच यायचे आमच्याकडं. मला वाटलं, उरलं तर सांडून देत्याल."

वाल्मिक उठला. उद्या सकाळी साहेबांचं दफन मंडळीच्या मानानं हुईल, येवढंच म्हनला आन खाली बसला.

फौजदारानं शुभांगीला उठवलं. ती दारात थांबली.

"आत्याबाईंची कूस कोन बदलनार?"

धनश्रीबाई उठल्या. तिच्यासमोर जाऊन उभ्या राह्यल्या. कल्याणला वाटलं, आता मारत्यात.

"कशी बदलायची, ते सांग," धनश्रीबाई म्हनल्या.

"आधी खांदा उचला. उजव्या अंगावर लई येळ ठेवू नका," शुभांगी म्हनली. "तिथं दुखतंय त्यांना."